दरबार उठल्यावर

भोरच्या राजवाड्याच्या चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीस प्रथम पडतात ते कोरीव लाकडी खांब. त्या खांबांनी पुष्कळ ऐकले आहे. पंतसचिवांच्या घराण्यात रामनवमीचा उत्सव पिढ्यानुपिढ्या थाटाने होत आला आणि त्या निमित्ताने कीर्तनकार, गवई, वाजंत्री यांची हजेरी वाड्यात लागत असे. हजेरी या शब्दास त्या काळी दोन अर्थ होते. एक कलेची हजेरी, दुसरी चाकरीची. दोहोंचा मेहनताना एकाच खजिन्यातून मिळे आणि त्या खजिन्याची किल्ली एकाच हाती असे.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९२२ पासून गादीवर असलेले रघुनाथराव पंतसचिव हे संस्थानचे अखेरचे अधिपती ठरले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड अशी किल्ल्यांची व मावळांची नावे मिरविणारे संस्थानचे पाच तालुके नव्या जिल्ह्यांत वाटले गेले. कचेरी बदलली, शिक्का बदलला, सारा कोठे भरावयाचा ते ठिकाण बदलले. या बदलांची नोंद पुष्कळांनी केली. परंतु एका बदलाकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. त्या दिवशी भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतील कलावंतांचा आश्रयदाता बदलला. जुना आश्रयदाता एक होता आणि तो दिसत असे. नवा आश्रयदाता लाखोंनी आहे आणि तो कोणासच दिसत नाही. तो म्हणजे स्वतः प्रजाच. तिची किल्ली आता विधिमंडळात आहे.

हे विधान अलंकारिक वाटण्याचा संभव आहे. म्हणून जुन्या आश्रयाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. राजाश्रय म्हटले म्हणजे गवयाच्या खांद्यावर पडणारी शाल डोळ्यांपुढे येते. खेड्यापाड्यांतील आश्रय याहून साधा होता. देवळात चौघडा वाजविणाऱ्या गुरवास जमिनीचा तुकडा, कीर्तनकारास वर्षासन, लग्नकार्यात सनई फुंकणाऱ्यास आणि हलगी वाजविणाऱ्यास सुगीच्या वेळी खळ्यावरचे धान्य, असा हा व्यवहार होता. या व्यवहाराने कला जगविली, हे नाकारता येत नाही. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्या हातची हलगी ऐकून गावची पालखी हाले, त्याच्या हातचे पाणी गावास चालत नसे. कला जन्माने कपाळी लिहिलेली, मोबदला मालकाच्या मर्जीवर, आणि तो घ्यावयाचा तोही मान खाली घालून. १९५५ च्या कायद्याने विलीन संस्थानांतील किरकोळ इनामे संपुष्टात आणली आणि १९५८ च्या कायद्याने गावकीची कनिष्ठ वतने रद्द केली. माणसाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. कोणाही विचारी मनुष्याने त्या व्यवस्थेसाठी अश्रू ढाळू नयेत. मात्र वतन गेले तेव्हा वतनाबरोबर मिळणारा घासही गेला, आणि त्या घासाच्या जागी काय आले हा प्रश्न उरला.

या प्रश्नास एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले होते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि दरबारचा हात आखडला. भावे यांनी मंडळी घेऊन गाव सोडले, आणि १८५३ साली मुंबईस तिकीट लावून प्रयोग केले. राजा गेला तेव्हा प्रेक्षक आश्रयदाता झाला. पुढील शतकातील मराठी संगीत नाटकाचे सारे वैभव या तिकिटावर उभे राहिले. त्यामुळे अनेकांची समजूत झाली की, चांगली कला आपल्या पायांवर उभी राहते आणि जिला राहता येत नाही तिने पडावे.

ही समजूत मुंबई-पुण्यास शोभते. तिकीट हे दाट वस्तीचे अपत्य आहे. १९६८ साली पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तेथे शुक्रवारी जाहिरात द्यावी आणि रविवारी गर्दी जमावी. वेल्ह्याच्या खोऱ्यात हे घडणार कसे? २०११ च्या जनगणनेत त्या सबंध तालुक्याची वस्ती सुमारे ५४ हजार होती. भोर तालुक्याची सुमारे १ लाख ८६ हजार. ही वस्ती राजगड, तोरणा, रायरेश्वर यांच्या डोंगरसोंडांवर आणि धरणांच्या काठांवर विखुरलेली. तरणी माणसे पुण्या-मुंबईस कामाला. जत्रा चैत्र-वैशाखात, म्हणजे वर्षातून दोन महिने. उरलेल्या दहा महिन्यांत गोंधळ्याने संबळ कोणासाठी वाजवावे, शाहिराने डफावर थाप कोणासाठी मारावी आणि धनगरवाड्यावरील ओव्या म्हणणाऱ्याने कोणाच्या तिकिटावर जगावे? जात्यावरच्या ओव्यांना तर तिकीट कधी लागलेच नाही. हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळशीच्या मावळापासून आरंभ करून महाराष्ट्रातील खेड्यांतल्या स्त्रियांच्या लाखावर ओव्या जमविल्या, तेव्हा जगाला कळले की येथे केवढे वाङ्मय पहाटेच्या अंधारात पिठाबरोबर सांडत होते. ज्या कलेला दरवाजाच नाही तिच्या दरवाजावर तिकीट लावता येत नाही.

म्हणून तिसरा आश्रयदाता लागतो. आणि तो आहे. सार्वजनिक खजिन्याने कलेकडे पाठ फिरविली, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. वृद्ध साहित्यिक व कलावंत यांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र राज्य निर्माण झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६० साली, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मांढरदेवाचा घाट ओलांडला की भोरच्या पलीकडे जे वाई गाव लागते, तेथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले ते सार्वजनिक पैशावरच. शासनाच्या हौशी नाट्यस्पर्धेने साठांहून अधिक हंगाम पाहिले. २०१० साली राज्याने आपले सांस्कृतिक धोरण जाहीर केले आणि २०२४ साली नव्या धोरणास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्याच २०२४ साली वृद्ध कलावंतांच्या मानधनातील तीन प्रती मोडून सर्वांस सारखे, महिना ५ हजार रुपये देण्याचे ठरले. पूर्वी सर्वांत खालच्या प्रतीच्या कलावंतास २,२५० रुपये मिळत. योजनेस आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. एका कलाप्रेमी राजाचे नाव प्रजेच्या खजिन्यातून दिल्या जाणाऱ्या मानधनास लागावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

पण या आकड्यांचा हिशेब थोडा पुढे नेला पाहिजे. या योजनेत दर जिल्ह्यास वर्षाला १०० नव्या कलावंतांची निवड होते. पुणे जिल्ह्यात तालुके १४. सारखी वाटणी झाली तर एका तालुक्याच्या वाट्यास सात माणसे येतात. परंतु वाटणी सारखी होईल असे कोणी सांगितले? अर्ज करावयाचा, वयाचा दाखला जोडावयाचा, उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा, कलेची वर्षानुवर्षे सेवा केल्याचे पुरावे जोडावयाचे. शहरातील नटाजवळ वर्तमानपत्रांची कात्रणे असतात, प्रशस्तिपत्रे असतात. डोंगरातील संबळवाल्याचा पुरावा म्हणजे त्याच्या बोटांवरचे घट्टे आणि गावच्या म्हाताऱ्यांची आठवण. बोटांचे घट्टे अर्जास चिकटविता येत नाहीत. म्हणून योजना सर्वांसाठी असते आणि लाभ कागद जाणणाऱ्यास होतो. हा दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नव्हे. ज्यांच्यासाठी खजिना आहे त्यांचा आवाज खजिन्यापर्यंत पोहोचत नाही, याचा हा परिणाम आहे.

आवाज पोहोचला म्हणजे काय होते आणि उशिरा पोहोचला म्हणजे काय होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगोलग, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांतात तमाशावर बंदी आली. अश्लीलतेचे कारण पुढे करण्यात आले. ज्यांची चूल त्या बोर्डावर पेटत होती ते फडकरी व कलावंत सरकारकडे दाद मागू लागले. त्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि बंदी उठली. संहिता आगाऊ तपासून घेण्याची अट मात्र मागे राहिली. सरकार कलेला मारू शकते आणि तारूही शकते. कोणते करावयाचे हे पुष्कळदा त्याच्या कानावर कोण आधी जातो यावर ठरते, असा या प्रकरणाचा बोध आहे.

दुसरे उदाहरण याच पुणे जिल्ह्यातील नारायणगावचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. परंतु त्यांचे अखेरचे दिवस आर्थिक ओढगस्तीत गेले आणि २००२ साली त्या निवर्तल्या. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो आजही दिला जातो. पुरस्कार उत्तम आहे. पण ज्यांचे नाव त्याला आहे त्यांच्या उपयोगी तो पडला नाही. वरातीमागून घोडे यावे, तसे हे झाले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सारा देश बंद झाला, तो नेमका जत्रांचा तोंडावर आलेला हंगाम होता. तंबू उभारले गेले नाहीत, सुपाऱ्या परत गेल्या. एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकवेळ साहाय्य देण्याचा निर्णय झाला तो २०२१ साली; लाभार्थी सुमारे ५६ हजार धरले होते. मदत झाली, पण दोन जत्रा बुडाल्यानंतर.

याच्या उलट कोल्हापूरचे उदाहरण पाहावे. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून प्रसिद्धीस आले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलावंत आणि नागरिक रडत रडत जळक्या भिंतींपाशी जमले आणि तेथूनच पुनर्बांधणीची मागणी सुरू झाली. लोकप्रतिनिधींना ती ऐकावी लागली आणि काही दिवसांतच शासनाने कोट्यवधी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. राजाने बांधलेले नाट्यगृह प्रजेच्या पैशाने पुन्हा उभे राहावयाचे, हे त्या मागणीने ठरविले. कोल्हापूरच्या माणसांनी ते नाट्यगृह आपले मानले होते. म्हणून मागताना त्यांची जीभ अडखळली नाही.

आता कोणी म्हणेल की, कोल्हापूर हे मोठे नगर. भोर-वेल्ह्याच्या मावळ्यांचे कोण ऐकतो? या शंकेचे उत्तर वेल्ह्यानेच देऊन ठेवले आहे. शिवछत्रपतींची पहिली राजधानी ज्या तालुक्यात, त्या तालुक्यास राजगड हे नाव असावे, अशी तेथील लोकांची इच्छा होती. ती त्यांनी मनात ठेवली नाही. सत्तर ग्रामपंचायतींपैकी अठ्ठावन्न ग्रामपंचायतींनी तसे ठराव केले. २०२१ साली जिल्हा परिषदेने ठराव केला. लोकप्रतिनिधींनी तो मंत्रालयात नेला, मंत्रिमंडळाने मान्यता दिली, केंद्राची संमती आली आणि २०२५ साली राजगड हे तालुक्याचे अधिकृत नाव झाले. लोकांच्या तोंडी वेल्हे अजून आहेच. पण संस्थानी अमदानीत जे नाव एका तालुक्यास होते ते लोकांच्या मागणीने परत आले. चावडीपासून मंत्रालयापर्यंतची ही वाट या खोऱ्याने स्वतः चालून पाहिली आहे. जी वाट नावासाठी तुडविली, ती त्या नावाचे पोवाडे गाणाऱ्यांसाठी तुडवावयास काय हरकत आहे?

ही वाट नेमकी कशी जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण चुकीच्या दारावर ठोठावल्याने पुष्कळ अर्ज वाया जातात. भोर, वेल्हे आणि मुळशी या तीन तालुक्यांचा मिळून विधानसभेचा एक मतदारसंघ आहे. विधानसभेत २८८ सभासद, त्यांतील एक या डोंगराचा. विधान परिषदेत ७८ सभासद. तेथे पुणे विभागाच्या पदवीधरांची जागा आहे, शिक्षकांची आहे, स्थानिक स्वराज्य संस्थांचीही आहे. याखेरीज साहित्य, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा यांतील जाणकार म्हणून राज्यपालांनी नेमावयाच्या बारा जागा आहेत. ग. दि. माडगूळकर हे १९६२ ते १९७४ पर्यंत विधान परिषदेचे सभासद होते, ना. धों. महानोर यांनीही तेथे काम केले. तेव्हा भोरच्या एखाद्या शिक्षकास वा पदवीधरास असे वाटत असेल की आपला प्रतिनिधी एकच, तर ती चूक आहे. एका पत्राच्या चार प्रती चार दारांवर जाऊ शकतात.

सभासद करू काय शकतो, हेही ठाऊक असावे. पुष्कळांची अशी कल्पना असते की, आमदाराने मनात आणले म्हणजे अंदाजपत्रकात रक्कम वाढते. राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदाप्रमाणे तसे होत नाही. खर्चाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही, आणि विधानसभेस ती मागणी मान्य करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढविता येत नाही. मग वाढ मागावी कशी? येथे संसदीय व्यवहाराची एक गंमत आहे. सभासद नाममात्र कपातीची सूचना देतो आणि त्या निमित्ताने बोलून टाकतो की, कलावंतांसाठी ठेवलेली रक्कम तुटपुंजी आहे. कमी करा असे कागदावर म्हणावयाचे आणि वाढवा असे तोंडाने सांगावयाचे! याशिवाय तारांकित प्रश्न आहे, त्याचे उत्तर मंत्र्यास सभागृहात उभे राहून द्यावे लागते. लक्षवेधी सूचना आहे. सभासदामार्फत सादर करावयाचा विनंती-अर्ज आहे. यांतील प्रत्येक साधनास माहितीचे इंधन लागते. अमुक तालुक्यातून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कागदाअभावी परत गेले, हे विचारावयाचे तर ते विचारण्याजोगे आहे हे सभासदास कोणी तरी आधी सांगितले पाहिजे. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

काळाचेही भान हवे. अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडले जाते, म्हणून मार्चमध्ये पत्र लिहिणारा मनुष्य पेरणी आटोपल्यावर बियाणे मागणाऱ्यासारखा होय. खात्यांचे अंदाज हिवाळ्याच्या आधीपासून तयार होऊ लागतात. पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात येतात. ग्रामसभा १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास भरतात. भाताची लावणी आटोपून गावास उसंत मिळालेली असते, तेव्हा केलेला ठराव दिवाळीपूर्वी सभासदाच्या हाती पडला, तर तो नागपूरच्या अधिवेशनातही कामास येतो आणि मार्चच्या अंदाजपत्रकाआधीही. रंगमंच किंवा सभागृह बांधावयाचे असेल तर वाट निराळी. स्थानिक विकासासाठी प्रत्येक सभासदास वर्षाला मिळणारा निधी २०२२ साली ५ कोटी रुपये करण्यात आला. बांधकामासाठी तो उपयोगी पडतो, आणि जिल्हा नियोजन समितीकडेही मागणी करता येते. मात्र मानधन, नाट्यस्पर्धा, प्रशिक्षण यांचा प्रश्न राज्याच्या अंदाजपत्रकाचा आहे. ज्याची मागणी त्याच्या दारी.

पत्र लांब असण्याचे कारण नाही. ‘कलेस उत्तेजन द्यावे’ असे लिहिलेल्या पत्रास ‘योग्य तो विचार करण्यात येईल’ असे उत्तर मिळते आणि दोन्ही कागद एकाच फायलीत सुखाने झोपतात. याउलट, गावात अमुक वयाचे तीन गोंधळी, दोन सनईवाले आणि पोवाडे म्हणणारा एक शाहीर आहे; पैकी दोघांचे अर्ज उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय अडले; पुराव्यादाखल ग्रामसभेचा ठराव ग्राह्य धरावा; आणि डोंगरी तालुक्यांसाठी निवडीत निश्चित जागा राखाव्या, असे चार ओळींत लिहिलेले पत्र कोणास टाळता येत नाही. त्यात एक माणूस दिसतो, एक अडचण दिसते आणि एक उपाय दिसतो. अशी यादी करण्यास विद्वान लागत नाही. शाळेतील वरच्या वर्गातील मुलांनी एका सुटीत वाडीवाडीवर जाऊन ती करावी. यादीच्या निमित्ताने नातवाला प्रथमच कळेल की, घराच्या आढ्याला टांगलेले वाद्य आजोबा वाजवीत असत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही आदराने ऐकण्याजोगे आहेत. पहिला असा की, ज्या वाडीस रस्ता नाही, उन्हाळ्यात धरणाच्या उशाला राहूनही पाणी नाही, तिने आधी गाण्यासाठी पैसा मागावा काय? मागू नये, असे कोण म्हणेल? परंतु शंभर कलावंतांचे महिना ५ हजारांप्रमाणे वर्षाचे मानधन ६० लाख होते, आणि तेही सबंध जिल्ह्याचे. एवढी रक्कम वाचविल्याने डोंगरातील रस्ते होणार नाहीत. शिवाय ज्या गावास एका वृद्ध कलावंतासाठी नेटका अर्ज करता आला, त्यास पाण्यासाठीही तो करता येईल. मागण्याची विद्या एकदा आली म्हणजे ती कोठेही उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याचा शिधा त्याचे गाणे; सरकारचा पैसा घेणारा कलावंत सरकारचा भाट होईल. हे भय खोटे नाही; तमाशाच्या संहितेवर पहारा बसला तो याच वाटेने. पण भाट निर्माण होतात ते खासगीत मिळणाऱ्या देणगीने. ज्याला कोणाच्या तरी मेहेरबानीने मिळाले तो मेहेरबानाचे गाणे गातो. ज्याला नियमाने, उघड निवडीने, सभागृहात विचारलेल्या प्रश्नाच्या उजेडात मिळाले, त्याला कोणाचे मिंधे होण्याचे कारण उरत नाही. म्हणून मागणी चोरून, ओळखीने, कार्यकर्त्याच्या कानात सांगून करू नये. ग्रामसभेत ठराव करून, सह्यांनिशी, पोच घेऊन करावी. सभासद कोणत्या पक्षाचा आहे याचा विचार येथे करावयाचा नसतो. निवडून येईपर्यंत तो पक्षाचा. आल्यावर ज्यांनी मत दिले नाही त्यांचाही.

संस्थानांच्या काळी प्रजापरिषदांनी जबाबदार राज्यपद्धती मागितली, ती काय मागितली? राजाने द्यावे आणि प्रजेने झेलावे हा व्यवहार मोडावा आणि प्रजेने आपल्याच पैशाचा हिशेब आपल्या प्रतिनिधीस विचारावा, एवढेच. तो अधिकार मिळाला. पण पुष्कळ वाड्यांवर वृत्ती मात्र दरबारीच राहिली. कलावंत अजून वाट पाहतो की कोणी तरी मोठा मनुष्य येईल, गाणे ऐकेल आणि अंगावर शाल टाकील. शाल येतेही कधी कधी, छायाचित्रापुरती. रडल्याशिवाय आईही पाजीत नाही, ही म्हण घरोघरी सांगितली जाते. मग खजिना तरी न मागता कसा उघडेल? आणि येथे तर रडण्याचेही कारण नाही. आपल्याच कोठारातील धान्य मागणाऱ्याने सरळ उभे राहून मागावे.

चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतील. पालखी निघेल, हलगी कडाडेल, आणि संबळाच्या पहिल्या ठोक्याबरोबर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या माना डोलू लागतील. त्या गर्दीत संबळ वाजविणाऱ्याकडे पाहून मनातल्या मनात वय मोजणारा एखादा शाळामास्तर असेल, एखादी ग्रामपंचायतीची सभासद असेल. या हातानंतर हे वाद्य कोणाच्या हाती जाईल, असा प्रश्न त्यांना पडेल. राजवाड्याचा दरबार केव्हाच उठला. त्याच्याकडे तोंड करून बसण्यात अर्थ नाही. जत्रा आटोपल्यावर, पारावर चार माणसे बसली असता, त्यांतील एकाने वही काढावी आणि पहिले नाव लिहावे. वाजविणारा जिवंत आहे तोवर.